आवटीताईंची बोटं

"आता काय म्हणतंय ते?" आवटीताईंनी विचारलं.

"ठीक म्हणतंय."

"आणि आता?"

"आताही ठीक."

"सारखं ठीकच म्हणतंय? मग आपल्या ट्रस्टींसारखंच आहे की."

मी हसलो. स्क्रीनवर एकेक ओळ उमटत होती. प्रत्येक ओळीत एका चाचणीचं नाव, पुढे टिंबांची रांग आणि शेवटी 'ओके'. अशा दीडशेच्या वर चाचण्या व्हायच्या होत्या. आवटीताई माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, मान किंचित तिरकी करून. त्यांना जन्मापासून नाही, पण चौथ्या वर्षापासून दिसत नव्हतं.

मे महिना होता, सन अठ्ठ्याण्णव. मिरजेच्या किल्ला भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ट्रस्टचं छोटं ब्रेल मुद्रणालय होतं. दोन खोल्या, एक पत्र्याचा शेड आणि व्यवस्थापक म्हणून गुळवणी सर. तिथे आवटीताई बावीस वर्षं नोकरीला होत्या. कुणीतरी डोळस माणसानं पुस्तक वाचून दाखवायचं आणि ताईंनी ते सहा दांड्यांच्या यंत्रावर जस्ताच्या पत्र्यात ठोकायचं, मग पत्र्यावरून कागदावर छापायचं. एका शालेय पुस्तकाला सात-आठ महिने लागत. छापलेलं प्रत्येक पान ताई बोटांनी वाचत आणि मगच ते बांधणीला जाई. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली तर शाळेतली मुलं पैज जिंकल्यासारखी नाचत, इतकं ते दुर्मीळ होतं.

मी श्रीनिवास मगदूम, तेव्हा चोवीस वर्षांचा. सांगलीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन वर्षभर घरी बसलो होतो. बसल्या बसल्या मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. मराठी मजकूर टाइप करून दिला की तो त्याचे ब्रेलचे ठिपके करून द्यायचा. पर्ल नावाच्या भाषेत लिहिला होता, आणि कॉलेजच्या मशीनवर तो सुरेख चालायचा. त्याच सुमारास पुण्यातलं एक डिझाइन ऑफिस बंद झालं आणि त्यांनी आपलं एक जुनं मशीन ट्रस्टला दिलं. ब्रेल छापणारा प्रिंटर एका देणगीदारानं दिला. सगळं जुळून आलं होतं. अडचण एवढीच, की त्या मशीनवर ना डॉस चालायचं, ना विंडोज. त्याची स्वतःची वेगळीच सिस्टिम होती. तिचं नाव सांगितलं तरी आज कुणी ओळखणार नाही. तिच्यासाठी तयार पर्ल कुठे मिळत नव्हती. मूळ सोर्स आणून, त्या मशीनवरच कंपाइल करून, म्हणजे त्या मशीनला समजेल अशी घडवून, तपासून, मग बसवायची, हा एकच मार्ग होता. सोर्सची सीडी मी पुण्याच्या मित्राकडून आणली.

हे काम पहिल्यांदा मागच्या आठवड्यात करून पाहिलं तेव्हा अर्ध्यातच थांबलं. आज सकाळी नऊला पुन्हा सुरू केलं होतं. आधी ते पन्नास प्रश्न विचारतं: तुमच्या सिस्टिमवर हे आहे का, ते आहे का. मग तासन्‌तास एकेक फाइल चघळत बसतं. ताई सकाळपासून जवळच होत्या.

"तुम्ही कशाला तिष्ठत बसलाय?" मी म्हटलं होतं.

"नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसावं," त्या म्हणाल्या. "कसा आवाज करतो, कुठं अडखळतो, ते कळतं."

दुपारी मशीन चघळत असताना आम्ही डबे उघडले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो नुसताच हातात धरून ठेवला.

"श्रीनिवास, एक सांगू? कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"मला साखर निघालीय. गेल्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, सांभाळा, नाहीतर पुढेमागे पायांची बोटं बधिर होतील. हातांचीही होऊ शकतात म्हणाले. अजून काही नाही झालेलं. पण मी घरी कुणाला सांगितलं नाही. गुळवणी सरांनाही नाही. तुला का सांगितलं कोण जाणे. तू उद्या चाललास म्हणून असेल."

मी उद्या चाललो होतो हे खरं होतं. बंगळूरच्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती.

"काही होत नाही ताई," मी म्हणालो. "माझ्या आजोबांना तीस वर्षं साखर होती."

"त्यांना बोटांनी वाचायचं नव्हतं," ताई म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

दीडच्या सुमारास काम पुन्हा अडलं. मागच्या आठवड्यात अडलं होतं तिथेच. दोन मजकूर शेजारी ठेवून त्यातला कुठला आधी आणि कुठला नंतर, हे ठरवणारा एक बारीकसा तुकडा त्या सिस्टिममध्ये धड नव्हता. मी आठवडाभर त्यावर विचार केला होता. आता मी तो स्वतःच लिहिला. सात ओळी. सात ओळींनी आठवडाभर अडलेलं काम पुढे सरकलं आणि मला माझाच अभिमान वाटला. ताईंना मी सांगितलंसुद्धा, "यात एक भाग माझ्या हातचा आहे बरं का."

"मग छान होणार," त्या म्हणाल्या.

आणि आता चार वाजता चाचण्या चालल्या होत्या.

"ठीक. ठीक. ठीक," मी ताईंसाठी मोठ्यानं म्हणत होतो. मग एक ओळ आली, तिच्या शेवटी 'ओके' नव्हतं. चाचणी नापास. मी क्षणभर थांबलो.

"काय झालं?"

"काही नाही. ठीक."

थोड्या वेळानं आणखी एक आली. बाकीच्या सगळ्या पास. शेवटी हिशोब दिसला: दोन नापास. एक होती क्रम लावण्याची, दुसरी इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची. खाली सूचना होती की या नापास का झाल्या ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी खुर्चीत मागे रेललो. पाहायचं म्हणजे कुठे पाहायचं? आणि काही बदललं तर पुन्हा पहिल्यापासून कंपाइल, म्हणजे पुन्हा सहा तास. उद्या अकरा वाजता ट्रस्टी येणार होते, पहिलं पान छापलेलं पाहायला. हार आणले होते. दुपारी माझी गाडी. आणि मनात म्हटलं, दीडशेत दोनच नापास. परीक्षेत असे मार्क मिळाले असते तर घरी पेढे वाटले असते.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"सगळं ठीक आलं?"

"सगळं ठीक."

मी पुढची आज्ञा टाइप केली आणि ती भाषा त्या मशीनवर बसवली. पाच वाजता माझा प्रोग्रॅम चालवून पाहिला. एक लहानशी कविता दिली. प्रिंटर खडखडला, पान बाहेर आलं. ताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं पाण्यावरून चालावं तशी त्यावरून गेली. त्यांनी ती कविता मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "अरे, मला हे ठोकायला दीड दिवस लागला असता."

दुसऱ्या दिवशी अकराला ट्रस्टी आले. गुळवणी सर नेहमीच्या खादीच्या शर्टावर जाकीट घालून आले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. ब्रेल त्यांनी साठीनंतर शिकायला घेतलं होतं आणि अजून भिंतीवरचा तक्ता बघत बघत, अडखळत वाचायचे. छापायला घेतलेलं पुस्तक नववीचं बीजगणित होतं. ते रेहानासाठी होतं असं म्हटलं तरी चालेल. रेहाना मुजावर ट्रस्टच्या वसतिगृहात राहायची, पंधरा वर्षांची होती. त्या काळी आमच्याकडची मुलं आठवीनंतर गणित सोडून दुसरा विषय घेत. पुस्तकंच नसायची, करणार काय? रेहानानं हट्ट धरला होता की ती दहावीला गणित घेऊनच बसेल. गुळवणी सरांनी तिला शब्द दिला होता, "पुस्तक मी देतो."

पहिलं पान बाहेर आलं ते तिच्या हातात दिलं. ती उभ्या उभ्या वाचू लागली, "बीजगणित. इयत्ता नववी. भाग पहिला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हार घातला. कुणीतरी फोटो काढला.

ट्रस्टी चहा पिऊन गेले. प्रिंटर पानं टाकतच होता. साडेबाराच्या सुमारास मी बॅग उचलायला आत गेलो, तर ताई प्रूफाचं एक पान घेऊन उभ्या होत्या.

"श्रीनिवास, हे बघ. चौदावं पान. इथं एक्कावन्न आलंय."

"मग?"

"एक्कावन्न कुठून येईल? पुढचं-मागचं बघता पाच अ पाहिजे."

हे समजायला थोडं सांगायला हवं. ब्रेलमध्ये 'अ' आणि 'एक' यांचा ठिपका एकच असतो. आकडा येणार असेल तर आधी आकड्याची खूण येते. आणि आकड्यानंतर लगेच अक्षर येणार असेल तर मध्ये अक्षराची खूण घालावी लागते. ती राहिली तर '५अ' बोटांना '५१' लागतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती खूण घालायची सोय मी केली होती: आकड्यापुढचं अक्षर यादीत सापडलं की तो खूण घालायचा. कॉलेजच्या मशीनवर ती चालत होती.

मी स्क्रीनवर चौदावं पान काढलं. "ताई, इथे पाच अ-च आहे. स्पष्ट दिसतंय."

"दिसत असेल. छापलंय एक्कावन्न."

गुळवणी सर आवाज ऐकून आले. त्यांनी पान हातात घेतलं, तक्त्याजवळ गेले, आणि मध्येच कुठेतरी बोट ठेवून बघू लागले. "सात... मग अक्षराची खूण... मग ब. सात ब. हे बरोबर आहे की, आवटीताई."

"ते बरोबर आहे. त्याच्या वरच्या ओळीत बघा."

सरांनी चष्मा पुसला. वरची ओळ त्यांना पटकन सापडेना. मी घड्याळात पाहिलं. एक वाजायला आला होता, घरी आई जेवायला थांबली होती आणि गाडी तीनला. मला त्या दोन नापास चाचण्या आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या. एका क्षणात आठवल्या. क्रम, आणि इंग्रजीबाहेरची अक्षरं. तक्ता भिंतीवर होता. मला चार पावलं जाऊन वरची ओळ बघता आली असती.

"ताई," मी म्हणालो, "मशीनला खूण घालता येत नसती तर 'सात ब'मध्ये पण आली नसती. एका ठिकाणी घालेल आणि दुसऱ्या ठिकाणी विसरेल असं मशीन करत नाही. माणूस करतो."

"मी चुकीचं वाचतेय म्हणतोस?"

आणि मग मी ते बोललो. "डॉक्टरांनी तुम्हाला बोटांचं सांगितलंय ना? साखरेमुळे?"

गुळवणी सरांनी पान खाली घेतलं. "साखर? कधीपासून, ताई?"

आवटीताईंनी हात पुढे केला, सरांच्या हातातून पान घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग डाव्या हातानं वाचली. मग पुन्हा उजव्या. मी इतक्या वेळा त्यांना वाचताना पाहिलं होतं, पण बोटं एका जागी थांबलेली तेव्हाच पाहिली.

"मला एक्कावन्नच लागतंय," त्या हळू म्हणाल्या. आता त्यात तक्रार नव्हती. विचारत असल्यासारखं होतं.

"तुम्ही दमलाय," सर म्हणाले. "दोन दिवस विश्रांती घ्या. छपाई चालू राहू दे. श्रीनिवासनं काल सगळ्या चाचण्या घेतल्यात, काय रे?"

"हो सर."

"सगळ्या पास?"

"सगळ्या."

मी वाकून ताईंना नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायचा तो ठेवला. "जपून राहा," म्हणाल्या. मी गाडी पकडली.

बंगळूरला दीड महिना झाला होता. जुलै असेल. ऑफिसात नागरत्ना नावाच्या माझ्या वरिष्ठ होत्या, त्या मी लिहिलेलं काहीतरी तपासत होत्या. त्यांनी एका ओळीवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "तुझ्या हिशोबानं अक्षराची किंमत शून्याच्या खाली जाऊ शकते का?"

"नाही."

"मग इथे तसं का होऊ दिलंयस?"

त्यांनी पाच मिनिटांत समजावलं. मशीन प्रत्येक अक्षराला एक आकडा मानतं. इंग्रजी अक्षरांचे आकडे लहान, आपल्या अक्षरांचे मोठे. काही मशीनवर, नीट बजावून सांगितलं नाही तर, हे मोठे आकडे उणे समजले जातात. मग मोठं ते लहान होतं, शेवटचं ते पहिलं होतं, क्रम उलटतो आणि यादीत शोधायला गेलेलं अक्षर काही वेळा सापडतं, काही वेळा सापडत नाही.

"कुठलं सापडेल आणि कुठलं नाही?" मी विचारलं.

"नशीब," त्या म्हणाल्या. "एखादं सापडेल, शेजारचं नाही सापडणार. म्हणून तर ही चूक वाईट. बघणाऱ्याला वाटतं, सगळं बरोबर आहे."

ब सापडला होता. अ सापडला नव्हता. आणि आदल्या दिवशीच्या कवितेत आकडाच नव्हता. मिरजेतल्या माझ्या सात ओळी मला तोंडपाठ होत्या. मी त्या कागदावर लिहून नागरत्नांना दाखवल्यासुद्धा नाहीत. गरज नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या बूथवरून मुद्रणालयाला फोन लावला. गुळवणी सरांनी उचलला. फार खूश झाले.

"अरे, पुस्तक झालं! चारही शाळांत पोचलं. चाळीस प्रती. तुझं नाव पहिल्या पानावर घातलंय."

"आवटीताई कशा आहेत?"

"त्यांनी सोडलं की. स्वतःहून. म्हणाल्या, बोटांचा भरवसा राहिला नाही, मुलांचं नुकसान नको. तू बोललास ते एका अर्थी बरंच झालं बघ. आम्ही कसं बोलणार होतो? बावीस वर्षांचा संबंध."

"मग प्रूफं कोण वाचतं?"

"आता मशीन आहे ना," सर म्हणाले.

मी हे सांगायलाच फोन केला होता, की सर, ताई बरोबर होत्या. वाक्य तयार होतं. मीटरवर आकडे पळत होते आणि माझ्यामागे दोन माणसं उभी होती. मी म्हणालो, "सर, एक नवी आवृत्ती पाठवतोय. जास्त वेगानं चालेल. जुनीच्या जागी बसवून घ्या."

"पाठव पाठव," सर म्हणाले.

मी फ्लॉपी पाठवली, कशी बसवायची ते चार पानं लिहून पाठवलं. दुरुस्ती त्यातच होती. पुढची पुस्तकं बरोबर छापली गेली. चूक मी काढून टाकली. ती होती हे मात्र कुणाला सांगितलं नाही. दर वर्षी वाटायचं, आता मिरजेला गेलो की सांगू. मिरजेला जायचो, आईला भेटायचो आणि किल्ला भागातला रस्ता टाळून परत यायचो.

दोन हजार अकरात गुळवणी सर गेले. ट्रस्टनं त्यांच्यावर स्मरणिका काढायची ठरवली आणि मला पत्र आलं: 'पहिल्या संगणकीय ब्रेल पुस्तकाची आठवण आपण लिहून द्यावी.' मी लिहायला बसलो. तीनदा बसलो. तिसऱ्यांदा लिहिलेलं पान फाडलं आणि मिरजेची गाडी पकडली.

आवटीताई कुरुंदवाडला भाचीकडे राहत होत्या. मुद्रणालय सोडल्यावर त्यांनी दहा वर्षं मिरजेच्या बसस्टँडवर एसटीडी बूथ चालवला होता, मोबाइल आल्यावर तो बंद पडला. साठीला आल्या होत्या. सोप्यात बसून लसूण सोलत होत्या.

"कोण?"

"श्रीनिवास मगदूम."

"अगं, पाणी आण," त्यांनी आत हाक मारली. "बस. बंगळूरलाच आहेस ना? मुलंबाळं?"

मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. दोन चाचण्या, सात ओळी, अ आणि ब. ताई लसूण सोलत राहिल्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"त्याच जुलैत."

"म्हणजे दीड महिन्यात."

"हो."

त्यांनी हातातली पाकळी ताटलीत ठेवली. "त्या जुलैत मी रोज सकाळी उठून सुई घेत होते. दहाही बोटांना एकेक करून टोचून बघायची. सगळीकडं टोचलेलं कळायचं. रक्त यायचं तेही कळायचं. मग वाटायचं, टोचलेलं कळतंय पण ठिपका कळत नसेल. तसं असू शकेल ना? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले तसं सहसा होत नाही. सहसा म्हणाले. मी ते सहसा धरून बसले." त्या किंचित हसल्या. "सहा महिने टोचत होते. मग वाचायचंच सोडलं. पुस्तक हातात घेतलं की एक्कावन्न आठवायचं. चूक माझी की पुस्तकाची हेच कळेना, मग वाचून काय उपयोग?"

"ताई, आता—"

"आता खरंच बधिर झालीत. चार वर्षं झाली." त्यांनी बोटं माझ्या दिशेनं केली. "तेव्हा नव्हती. हे कळलं ते बरं झालं. खरंच बरं झालं."

भाची आतून डोकावून गेली.

"रेहानाला भेटून आलास?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग इथं आधी कशाला आलास?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझं वाचून झालं होतं. बावीस वर्षं वाचलं मी. त्या पोरीनं गणित सोडलं, ठाऊक आहे तुला? जा. आधी तिच्याकडं जा."

रेहाना सांगलीला एका सहकारी बँकेच्या मुख्य शाखेत टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसायची. अठ्ठावीस वर्षांची झाली होती. डोक्यावर ओढणी, कानाला हेडफोन. मी नाव सांगितल्यावर ती उठून उभी राहिली.

"मगदूम सर! पहिलं पान मला तुमच्यामुळं मिळालं होतं."

मी तिलाही सगळं सांगितलं. मध्ये दोनदा फोन आले, ते तिनं जोडले, मी थांबलो, परत सुरू केलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "एकतीस अधिक चार बरोबर एकोणीस."

"काय?"

"असं एक गणित होतं. दुसऱ्या धड्यात. एकतीस अधिक चार बरोबर एकोणीस. असली कितीतरी होती. मी चार चार वेळा वाचायची. वर्गातल्या बाईंना विचारलं. त्या स्वतःच्या पुस्तकात बघून म्हणाल्या, सोपं तर आहे. मग मी विचारायचं बंद केलं."

"तीन अ होतं ते. तीन अ अधिक चार."

"ते आत्ता कळलं मला, सर." ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा काय वाटायचं सांगू? आकड्यांचं असं काहीतरी असेल की जे दिसणाऱ्यांना समजतं. एकतीस आणि चार एकोणीस कसे होतात, ते डोळे असले की दिसत असेल. आपल्याला नाही दिसणार. म्हणून सोडलं."

फोन वाजला. तिनं उचलला, "नमस्कार, एक मिनिट, जोडते हं," म्हणाली, आणि जोडून दिला. मी उभाच होतो. आणखी एक आला, तोही जोडला. मग तिनं मान माझ्या दिशेला वळवली.

"गेला नाहीत अजून?"

"नाही."

"बसायचं असेल तर उजवीकडं खुर्ची आहे," ती म्हणाली. "पण माझी सुट्टी दोनला होते. तोवर मला बोलता येणार नाही."

मी खुर्चीवर बसलो. तेव्हा साडेअकरा वाजले होते.